जाऊन आलेल्या चंपाबाई

पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये चंपाबाईंचं हृदय मधेच थांबलं. डॉक्टरांनी छाती दाबून, विजेचे झटके देऊन ते पुन्हा चालू केलं. त्या गडबडीत एक बरगडी मोडली. ती मोडकी बरगडी घेऊन चंपाबाई वारज्याला घरी आल्या, तोवर सोसायटीभर झालं होतं : बाई वर जाऊन आल्या.

टेलिफोन खात्यात आयुष्यभर त्यांनी लोकांना एकमेकांशी जोडून दिलं, पण मधे कान लावून ऐकायची सवय लावून घेतली नाही. पलीकडे काय चाललंय याची त्यांना फारशी पडलेली नव्हती. लोकांना मात्र भारी उत्सुकता.

पहिल्या आल्या खालच्या मजल्यावरच्या आनंदीबाई. सोसायटी त्यांच्याच वावरात उभी राहिलेली, त्यामुळे बेल वाजवायची पद्धत त्यांनी कधी मानली नाही.

“यमदूत आलं व्हतं का वं?”

“माझ्याकडे कशाला येतील? आम्ही बौद्ध.”

“मरान काय धर्म इचारून येतंय व्हय?”

“मरण नसेल विचारत. रेडा विचारत असेल.”

मग शनिवार पेठेतून श्रीधरपंत आले. तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक, चंपाबाईंच्या यजमानांचे, बाबुरावांचे मित्र.

“वहिनी, आपण म्हणता काहीच नव्हतं. पण ‘काही नाही’ हे पाहणारं तिथे कोणीतरी असलंच पाहिजे. ते कोण?”

“भूलतज्ज्ञ,” चंपाबाई म्हणाल्या.

नात पायल मेंदूविज्ञान शिकत होती. “आजी, ऑक्सिजन कमी पडला की टनेल दिसतो, एंडला लाइट. सगळं मेंदूच करतो. दिसला ना तुला?”

“नाही गं.”

“थोडासा?”

“अंधारही नाही.”

पायलचा चेहरा पडला. आजी मरून आली, आणि हाती डेटा शून्य!

खूश एकटे बाबुराव. “आत्मा असता तर बाहेर पडताना दिसला नसता का?” असं ते विहारात सांगत सुटले. जणू बायकोला त्यांनी याच कामासाठी पाठवलं होतं.

रविवारी श्रीधरपंत, पायल आणि बाबुराव हॉलमध्ये जमले आणि वाद पेटला. बुद्धांनी सांगितलंय, बाण लागलेल्या माणसानं आधी बाण उपटावा, मारला कोणी हे विचारत बसू नये, असं बाबुराव बजावत होते आणि स्वतःच थांबत नव्हते. आतल्या खोलीतून चंपाबाईंनी चहासाठी हाका मारल्या. चैतन्याचा प्रश्न ऐन रंगात आलेला. कोणाला ऐकू गेलं नाही.

आनंदीबाई तेवढ्या आत आल्या. दार लोटून पलंगाच्या कडेला टेकल्या.

“यमदूताचं ऱ्हाऊ द्या. येक इचारू? आमचं मालक दवाखान्यात गेलं, तवा मला आत सोडलं न्हाई. त्यास्नी लई दुखलं आसंल का वं?”

आनंदीबाईंच्या यजमानांना, हिंदुरावांना जाऊन वर्ष होत आलं होतं. चंपाबाईंच्या जिभेवर काहीतरी तिरकस तयारच होतं. ते त्यांनी गिळलं.

“माझी बरगडी कडकन मोडली म्हणे. मला पत्ता नाही. दुखायला लागलं ते जागी झाल्यावर.”

“म्हंजी जाताना दुखत न्हाई?”

“मला नाही दुखलं. बाकीच्यांचं कसं सांगू?”

आनंदीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. “रोज द्येवाला हेच इचारते. बोलत न्हाई.”

“त्याला काय माहीत? तो कुठे मेलाय कधी?”

आनंदीबाई रडता रडता फिसकन हसल्या. मग पाय वर घेऊन बसल्या आणि मार्केट यार्डात मेथीच्या जुडीवरून हिंदुराव अडत्याशी कसे भांडायचे, ते अगदी आवाजासकट करून दाखवू लागल्या. बाहेर अजून कोणाचंच एकमत झालं नव्हतं.