खोक्यातून आलेली राणी
सफरचंदांच्या खोक्यातल्या सुक्या गवताचा वास आला की मला लालबागच्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट आठवते. हिमाचलहून आलेलं खोकं घेऊन मी वर निघालो होतो, सोबत शेजारच्या काकू होत्या, आणि दोन मजल्यांच्या मध्येच लिफ्ट बंद पडली. दिवा गेला, पंखा थांबला, घामाने पाठ भिजली, आणि तेवढ्यात खोक्यातल्या गवतातून एक जाडजूड, केसाळ माशी गुणगुणत वर आली. "चप्पल काढ, मार तिला," काकू भिंतीला चिकटून म्हणाल्या. मी मोबाइलच्या उजेडात पाहिलं. हिमालयातल्या ट्रेकला, गारठ्यात दुसरा एकही कीटक दिसत नसताना, या बंबलबी, म्हणजे थंड डोंगरातल्या गुबगुबीत मधमाश्या, मी फुलांवर पाहिल्या होत्या. "काकू, ही राणी असणार. थंडी आली की घरट्यातल्या बाकीच्या सगळ्या मरतात. ही एकटी मातीत झोपून राहते आणि वसंतात नवं घर मांडते." काकू भिंत सोडून जरा पुढे वाकल्या. माशी दाराच्या फटीवर धडका देऊन देऊन थकली आणि खाली पडली. "उपाशी असेल रे," म्हणत काकूंनी देवळातून आणलेली खडीसाखर पाण्याच्या बाटलीच्या झाकणात थोड्या पाण्यात विरघळवली आणि स्वतःच तिच्यापुढे धरली. ती प्यायली. शेवटी वॉचमनने दार उघडलं, तेव्हा ती जिन्याच्या खिडकीतून त्या दमट, रणरणत्या उन्हात निघून गेली. खाली सगळीकडे सिमेंट होतं. काकू अजूनही अधूनमधून विचारतात, "पोचली असेल ना रे ती घरी?" आणि मी हो म्हणतो.