भाऊजींनी आवरलेला डेपो

माझ्या भाऊजींना, म्हणजे थोरल्या ताईच्या नवऱ्याला, आवरायचं वेड आहे. आवड नाही म्हणत मी, वेड म्हणतेय. जेवायला बसले की आधी ताटं सरळ रेषेत, मग पहिला घास. चपला दारात जोडीनं लागल्या नाहीत तर पाहुण्याच्यासुद्धा उचलून लावतील. ताई म्हणते, "मी घटकाभर एका जागी उभी राहिले, तर हे मलाही घडी घालून कपाटात ठेवतील."

हा माणूस शहराच्या रस्ते-गटारं बघणाऱ्या खात्याच्या डेपोत स्टोअरकीपर आहे. मीही तिथंच, रस्त्यावर पांढरे पट्टे मारणाऱ्या टोळीत. त्यांनीच चिकटवलं मला. घरी मेहुणी आणि कामावरही समोर, त्यामुळे बिचाऱ्यांची दोन्हीकडून सुटका नाही.

शहर चहूबाजूंनी वाढलं आणि डेपो होता तेवढाच राहिला. डांबराच्या पिंपांना रोलर टेकलेला, रोलरवर बॅरिकेड रेललेली, मॅनहोलची झाकणं थेट संडासाच्या दारापर्यंत. एक शिडी काढायची तर आधी चार वस्तू हलवा आणि हलवलेल्या कुठं ठेवायच्या ते देवाला विचारा. आणि आम्ही बायका? आम्ही कपडे बदलायचो जुन्या पाण्याच्या टँकरमागे. दोरीवर ताडपत्री टाकलेली. एकीनं टोक धरायचं, एकीनं पहारा द्यायचा. ड्रायव्हर लोक भले, येताना खोकत यायचे. पण वाऱ्याला कुठं खोकता येतं? एकदा भर दुपारी ताडपत्री उडाली. तेव्हापासून आमच्यातली एक जण रंगाच्या कपड्यांतच बसनं घरी जाते. लोक तिच्या शेजारून उठून उभे राहतात. आम्हाला महाल नको होता. एक खोली, तिला दार आणि दाराला आतून कडी. साहेबांपुढं हे बोलून बोलून तोंडाला फेस आला होता.

अशात बातमी आली, डेपोला किती जागा लागते ते मोजायला बाहेरून माणसं येणार. त्यांच्या अहवालावरून नवी इमारत व्हायची. भाऊजी त्या दिवशी ताठ मानेनं माझ्याकडे आले. "तुमची खोली झालीच म्हणून समज. कडीसकट!"

आता आमच्या डेपोची एक रीत सांगते. वरून कुणी येणार म्हटलं की डेपो रिकामा करायचा. बॅरिकेड, पाट्या, पिंपं, पाइप, सगळं ट्रकांत भरायचं, ट्रक लांबच्या रस्त्यावर नेऊन उभे करायचे आणि साहेबांची गाडी गेली की परत आणायचे. हे कुणी सांगावं लागत नाही, हात आपोआप चालतात. मोजणीच्या आदल्या दिवशी तेच झालं. भाऊजी मधोमध उभे राहून हुकूम सोडत होते, लग्नघरच्या मामासारखे. ताडपत्रीसुद्धा काढली, दोरी गुंडाळली. घडी आम्हीच करून दिली, आम्ही शहाण्या! एकीच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

मोजणीवाल्या बाई आल्या तेव्हा आम्ही रस्त्यावर कामाला होतो. पुढचं ड्रायव्हरनं सांगितलं. बाई तरुण होत्या, बोलायला गोड. भिंतीवर लाल ठिपका पाडून लांबी मोजत होत्या. म्हणाल्या, "किती छान ठेवलाय हो डेपो! असा कुठंच पाहिला नाही." झालं. आमचे भाऊजी विरघळले. मग बाईंनी विचारलं, "महिला कर्मचाऱ्यांची कपडे बदलायची काय व्यवस्था?" तर हे म्हणाले, "सोय आहे ना बाई. काही तक्रार नाही."

काही तक्रार नाही!

अहवाल आला. साहेबांनी आम्हाला बोलावून वाचून दाखवला. डेपोत जागा पुरेशी आहे, उलट बरीच मोकळी आहे, सबब मागची शेड दुसऱ्या खात्याच्या गाड्यांना द्यावी. महिलांसाठी सध्याची सोय पुरेशी आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तडक ताईच्या घरी गेले. भाऊजी धुतलेले ग्लास पुसत होते.

"काय केलंत हे?"

"अगं, कुणी घरी येणार असलं तर आपण आवरत नाही का?"

"पाहुणे नव्हते ते! डॉक्टरकडे जाताना ताप उतरवून जातं का कुणी?"

त्यांनी ग्लास खाली ठेवला. वाकडा ठेवला आणि तसाच राहू दिला. ताईनं मला डोळ्यांनी दटावलं, पण मी कसली ऐकते! बोलायचं ते सगळं बोलले.

त्यानंतर भाऊजींनी ऑफिसचे उंबरठे झिजवले. "पुन्हा मोजा, आम्ही सामान हलवलं होतं," एवढंच सांगायला. हे टेबल त्या टेबलाकडे बोट दाखवणार, ते टेबल जेवायला गेलेलं. शेवटी एकदाची दुसरी भेट कबूल झाली. मी दम भरला, "भाऊजी, खिळ्यालासुद्धा हात लावायचा नाही." नाही लावला. दोन्ही हात खिशात कोंबून उभे राहिले. समोर एक पाटी तिरकी पडली होती, तिच्याकडे बघून त्यांना घाम फुटला होता.

या खेपेला मोठे अधिकारी आले. गाडी आत येईना, म्हणून चालत आले. रोलरपाशी त्यांचा पाय बॅरिकेडला अडकला. कपाळाला आठ्या. "जागा तीच आहे ना? पहिल्या वेळचे फोटो आहेत माझ्याकडे. तेव्हा सगळं नीट मावत होतं. इथं जागेची नाही, शिस्तीची अडचण आहे."

मी पुढं झाले. "साहेब, हे बघा. या ताडपत्रीमागे आम्ही कपडे बदलतो."

"अहवालात सोय आहे असं लिहिलंय."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्याच स्टोअरकीपरनं."

सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिलं. ते त्या तिरक्या पाटीकडेच बघत राहिले. बोला ना हो! मी मनात ओरडत होते. अधिकारी निघूनसुद्धा गेले. चार दिवसांनी भाऊजींना नोटीस आली, सामान अस्ताव्यस्त ठेवल्याबद्दल. भाऊजींना! मला हसावं की रडावं कळेना. हसले नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊजी माझ्या आधी डेपोत आले होते. स्टोअरच्या कोपऱ्यात त्यांची एक केबिन होती, टेबल-खुर्ची आणि एक कपाट मावेल एवढी. ती त्यांनी पार रिकामी केली होती. टेबल बाहेर शेडमध्ये, पिंपांच्या मधे मांडलेलं. फायलींवर धूळ उडत होती. मला म्हणाले, "जा. आतून कडी आहे."

आम्ही आळीपाळीनं गेलो. बसनं रंगाच्या कपड्यांत जाणारी सगळ्यांत आधी. तिनं आतून कडी लावली, तो आवाज आम्ही बाहेरच्या सगळ्या जणींनी ऐकला. माझी पाळी आली तेव्हा मी स्वच्छ साडी नेसले, केस विंचरले, सावकाश, कुणाला टोक न धरायला लावता. आणि मग मला इतका संताप आला की कडी खाडकन ओढली.

बाहेर आले. "भाऊजी, ही खोली एवढी वर्षं इथंच होती."

"हो."

"दार होतं. कडी होती."

ते टेबलावरचे कागद सारखे करत होते. हात थांबले. "मी वरून मिळायची वाट बघत होतो गं," ते म्हणाले. "आत बसून."