सबनीसांच्या सामायिक फायली

नवा प्रोग्रॅम टाकायचा म्हटले की सबनीस आधी वही काढत. नौपाड्यातल्या आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत चार संगणक होते. त्यांची देखभाल करायला ते डोंबिवलीहून येत. वहीत फायलींची नावे आणि प्रत्येकीपुढे ती वापरणाऱ्या प्रोग्रॅमांची नावे. दहा मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस जाई.

"अहो सबनीस, संगणक आहे की एकत्र कुटुंब?" संपादक एकदा वैतागले.

"एकत्र कुटुंबच, साहेब. पिठाचा डबा एकच. नव्या सुनेने आल्या आल्या पीठ बदललं, तर बाकीच्यांच्या भाकऱ्या होतील का?"

त्या काळी ते खरेच तसे होते. अनेक प्रोग्रॅम मिळून एकच फाइल वापरत. नवा प्रोग्रॅम तिची आपली आवृत्ती घेऊन येई आणि पडद्यावर विचारी, जुनी काढून ही ठेवू का?

आमच्याकडे येण्यापूर्वी कल्याणच्या एका रक्तपेढीत सबनीसांनी या प्रश्नाला 'होय' म्हटले होते. रक्तदात्यांना मराठीत आभारपत्रे पाठवायची होती. त्यासाठीचा प्रोग्रॅम ते टाकत होते. पत्र सुबक छापून निघाले. ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका बाळंतिणीचा नवरा रक्त मागायला आला. गट बॉम्बे. या दुर्मिळ गटाचे दाते यादीतूनच शोधावे लागतात, आणि यादी संगणकात होती. तिचा प्रोग्रॅम उघडेना. सबनीसांना निरोप जाऊन ते पोहोचेपर्यंत दोन तास गेले. जुनी फाइल परत ठेवायला चार मिनिटे लागली. यादीतला पहिला दाता शहाडचा निघाला. तो लगेच आला. तोवर बाई गेली होती.

ती बातमी मीच केली होती. 'तांत्रिक बिघाडामुळे' असे लिहिले होते. ओळख झाल्यावर महिन्याभराने चहा पिताना सबनीस म्हणाले, "तुमच्या बातमीतला बिघाड म्हणजे मी."

मग म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, रक्त मिळालं असतं तरी ती वाचली नसती. पण माझ्याकडे न बघता म्हणाले."

पुढे एका मासिकाबरोबर लिनक्स या वेगळ्या संगणक यंत्रणेची सीडी आली. त्यांनी मला डोंबिवलीला घरी बोलावले. या यंत्रणेत कोणती फाइल कोणाला लागते याची नोंद संगणकच ठेवत होता. सबनीसांनी एक सामायिक फाइल काढून टाकण्याची आज्ञा दिली. पडद्यावर तिच्यावर अवलंबून असलेल्या प्रोग्रॅमांची नावे आली, आणि नकार.

"बघा. विचारतसुद्धा नाही. सरळ नाही म्हणतं."

त्यांनी तीच आज्ञा पुन्हा दिली. पुन्हा नकार.

"अहो, पाहुण्यांना बसा तरी म्हणा," पत्नी आतून म्हणाल्या. "मघापासून तेच काय करताय?"

सबनीसांना ते ऐकू गेले नसावे. तिसऱ्यांदाही नकारच आला. "आताही नाही म्हणतंय," ते हळूच म्हणाले, आणि चौथ्यांदा टाइप करू लागले.