चन्नम्माची माळाची वाट

लोहाऱ्यापासून दोन कोसांवरच्या त्या गावात बसवराज कापडवाल्यांना कोण ओळखत नव्हतं? पहाटे अंघोळ, लिंगपूजा, मग कुत्र्याला घेऊन माळावर एक फेरी आणि दिवस कासराभर वर आला की दुकान. वीस वर्षांत यात खंड नाही, कुत्रं तेवढं अलीकडं सोबतीला आलेलं. फेरीबद्दल ते कधी बोलले नाहीत, बायकोनं, चन्नम्मानं, विचारलं नाही. प्रकृतीसाठी चालतात, असं ती समजून होती.

सन एकोणीसशे चव्वेचाळीसच्या थंडीत तापाचं निमित्त झालं आणि बसवराज आठ दिवसांत गेले. पोटी मूलबाळ नव्हतं. दुकान धाकटे दीर शिवशरण बघू लागले. कुत्रा खंड्या मात्र नेमाचा पक्का. तांबडं फुटायच्या आत दाराशी उभा राही आणि दार उघडेना म्हणून कण्हत बसे. पंधरा दिवस चन्नम्मानं ते ऐकलं. मग एका पहाटे डोक्यावर पदर घेऊन ती त्याच्या मागं निघाली.

ओढा ओलांडून खंड्या माळावर गेला आणि एका खडकाशी बसला. तीही टेकली. जरा वेळानं गवतातून तितरं बाहेर आली, एकामागं एक. खंड्यानं कान टवकारले, पण जागचा हलला नाही. घरात मांजर दिसलं की चूल उधळणारं कुत्रं हे! चन्नम्मा बघतच राहिली.

मेंढरं चारणारा बंडप्पा धनगर दोन दिवस लांबूनच बघत होता, तिसऱ्या दिवशी जवळ आला. त्यानं सांगितलं, बसवराज अप्पा इथं नुसते पक्षी बघायचे. कुणाची अंडी कुठल्या झुडपाखाली आहेत, त्यांना ठाऊक असायचं आणि तिथून ते त्याच्या मेंढरांची वाट वळवायला लावायचे. कुत्र्याला नावही ओढ्यावरच्या निळ्या खंड्या पक्ष्याचं दिलेलं. चन्नम्माला वाटत होतं, खंडोबाचं असेल.

"मला कधी बोलले न्हाईत," ती म्हणाली.

बंडप्पानं काठी बगलेत धरली. "माझ्यापाशी बोलायचे की, अव्वा. म्हणायचे, तिला एकदा आणायचंय. पर दुकानदार माणूस चिमण्या बघत बसतो म्हणून तुमी हसाल, असं वाटायचं त्यास्नी."

परतताना ओढ्याशी ती बसली आणि मन भरून रडली. त्या दिवसापासून ती रोज जाऊ लागली. चंडोल गात गात उभा आभाळात चढतो, टिटवी पंख मोडल्याचं सोंग करून माणसाला पिलांपासून लांब नेते, हे ती पन्नाशीला आल्यावर शिकली. एकदा तर माणसाच्या कंबरेला लागेल एवढा माळढोक गळा फुगवून उभा दिसला. त्या दिवशी घरी येऊन तिनं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

गाव कुजबुजू लागलं. शिवशरण अदबीनं म्हणाले, की वैनी, लोक बोलत्यात.

"तुमचे दादा जायचे तवा कोण बोलत न्हवतं," चन्नम्मा म्हणाली. "त्यांचं बघायचं राहिलेलं मी बघते."

शिवशरण दुकानाकडं वळले.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात निजामाच्या रझाकारांच्या भीतीनं गावं ओस पडू लागली. सोलापूरकडं निघायचं ठरलं, तेव्हा शिवशरण म्हणाले, कुत्रं वाटेत भुंकलं तर सगळ्यांच्या जिवावर बेतेल. चन्नम्मानं ऐकलं नाही. हद्दीजवळ घोड्यांच्या टापा ऐकू आल्या, तशी गाडी नाल्यात घातली. बैलांची तोंडं दाबून धरली. शिवशरणांची बायको नीलम्मा, चन्नम्माची जाऊ, गाडीच्या तळाशी अंग चोरून बसली. चन्नम्मानं खंड्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तितरांपुढं बसायचा तसा बसून राहिला. टापा पार विरून जाईपर्यंत त्यानं आवाज काढला नाही. पुढं सोलापुरात शिवशरण त्याला आपल्या ताटातली भाकरी घालू लागले.

निजामाचं राज्य गेलं, लोक परतले. दुकानाची फळकुटंसुद्धा कुणी नेली होती, पण माळ जागेवर होता, बंडप्पाही होता. खंड्या आता वाटेत दोनदा बसून दम खाई. एका पहाटे चन्नम्मानं कडी काढली, तर नीलम्मा पदर खोचून उभी.

"अक्का, मी येऊ का? मला त्यातलं काय कळत न्हाय."

"मला तरी कुठं कळत होतं," चन्नम्मा म्हणाली. "चल. चपला काढून हातात घे, लई वाजत्यात."

म्हाताऱ्या खंड्याच्या चालीनं दोघी ओढ्याकडं निघाल्या.