खिचडीचा डबा

जर्सी सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एल साल्वाडोरची एक बाई राहायची. तिकडच्या लढाईतून जीव घेऊन पळालेली, कागदपत्रं काही नाहीत. कोट शिवायच्या कारखान्यात जायची आणि आठ महिन्यांचं बाळ दिवसभर माझ्याकडे ठेवायची. मला कामाची परवानगी नव्हती, मूलबाळही अजून नव्हतं, त्यामुळे बाळाचा मला विरंगुळाच होता. चार वाजता तिची सात वर्षांची मुलगी शाळेतून यायची आणि भावाला उचलून खाली न्यायची. माझा नवरा घरी यायच्या आत. परक्या पुरुषाच्या नजरेला पडायचं नाही, असा आईचा हुकूम होता.

हुकूम पुष्कळ होते. एका रविवारी मी सहज खाली गेले, तर तालीम चालली होती. आईने लाकडी डावाने दारावर ठोकलं की पोरीने बाळाला घेऊन खिडकीतून बाहेरच्या लोखंडी जिन्यावर जायचं, खिडकी लोटायची आणि आई येईपर्यंत आत यायचं नाही. बाळ कुरकुरलं, तर आईने पोरीच्याच थोबाडीत मारली. आई आहे की जमादार, असं मी मनात म्हटलं. राग आलाच, पण आपण असल्या नाही म्हणून जरा बरंही वाटलं.

आमच्यात डब्यांची देवाणघेवाण असे. भांडं रिकामं परत करू नये, काही नसलं तर साखर तरी घालावी, हे मी तिला खाणाखुणांनी समजावलं तेव्हा ती हसली होती. ती हसलेली मी तेवढीच पाहिली.

जानेवारीत एकदा मुलगी फार खोकत होती. संध्याकाळी मी मुगाची खिचडी केली. माझे हात कणकेत होते, म्हणून नुकत्याच ऑफिसातून आलेल्या नवऱ्याला म्हटलं, "अहो, एवढा डबा खाली देऊन या."

तो ओव्हरकोट-टायमध्ये तसाच गेला आणि परत आला. "आत कोणीतरी आहे गं, आवाज आला. पण डोअर ओपन करत नाहीत."

"संकोच करत असतील. जोरात नॉक करा, खिचडी गार होईल."

आग्रहाशिवाय आपल्याला खाऊ घातल्यासारखं वाटतच नाही. तो पुन्हा गेला, दार चांगलं दणादणा वाजवलं आणि डबा घेऊन वर आला.

आठच्या सुमारास, आई कारखान्यातून परतायच्या वेळेला, खालून किंकाळी ऐकू आली. मी धावले. आईने बाळाला कोटात गुंडाळलं होतं. त्याचे ओठ निळे पडले होते, छातीत शिट्टी वाजत होती. पोरीचे दात कडकड वाजत होते. तिने मला इंग्रजीत सांगितलं, "इमिग्रेशनचा माणूस आला होता. काळा कोट. दोनदा आला. मी आवाज केला नाही. बाळाच्या तोंडावर हात ठेवला होता."

दीड तास ती दोघं त्या जिन्यावर होती.

मी म्हटलं, हॉस्पिटलमध्ये चला. आईने मान हलवली. पोरगी म्हणाली, "ते तिथेच उभे असतील, असं आई म्हणते."

तो माझा नवरा होता, एवढंच मला सांगायचं होतं. मग ती गेली असती. पण आमची ग्रीन कार्डची फाइल तेव्हा अडकलेली होती. हॉस्पिटलमध्ये विचारतील, दार कोणी वाजवलं, मुलं बाहेर का गेली, आणि आमचं नाव कुठेतरी लिहिलं जाईल. हे सगळं माझ्या डोक्यात क्षणात येऊन गेलं आणि मी गप्प बसले. ओव्याची पुरचुंडी गरम करून बाळाची छाती शेकली. तीच खिचडी गरम करून, त्याच डब्यातून आणून दिली.

पोरीने विचारलं, "मी बरोबर केलं ना?"

"हो," मी म्हटलं. "शहाणी आहेस."

वर आले तेव्हाही ती शिट्टी थांबली नव्हती. नवऱ्याला सांगितलं, बाळाला सर्दी झालीय.

सकाळी बाळाची वाट पाहिली. शेवटी दार उघडलं, तर पायपुसण्यावर डबा होता, घासूनपुसून ठेवलेला. तो हातात घेऊनच खाली धावले. दार सताड उघडं, खोली रिकामी. बाळ जगलं की नाही, मला आजतागायत माहीत नाही.

त्या रिकाम्या खोलीतच मी डबा उघडला. आत चमचाभर साखर होती.