बारा वीसची भरती

आमच्या घरात सहलीचा निर्णय लोकशाही पद्धतीने होतो. म्हणजे नवरा ठरवतो आणि मग सगळ्यांना विचारतो. तो पुण्याचा, आयटीतला. हैदराबादेत बारा वर्षं काढूनही त्याला तेलुगूतला एकच शब्द येतो, 'चालंडी', म्हणजे 'पुरे', आणि तोही तो जेवताना वापरत नाही.

या वर्षी ठरलं विशाखापट्टणम, तीन दिवस, आणि कारण माझी आई. बाबा गेल्यापासून ती बरकतपुऱ्यात एकटी राहते. इथल्या मराठी शाळेत तिने एकतीस वर्षं भूगोल शिकवला. मीही तिच्या वर्गात होते, त्यामुळे मला तो फळा अजून दिसतो. निळ्या खडूने समुद्र, पिवळ्याने चंद्र, मध्ये बाण. ओहोटीनंतर साधारण सव्वासहा तासांनी भरती, आणि रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. ज्याला हे येत नसे त्याला ती बाकावर उभं करायची. आणि बाईंनी स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता! बाबा सरकारी नोकरीत, सुट्टी म्हणजे परभणीला कुणाचं तरी लग्न, फार झालं तर तिरुपती. हैदराबादेत समुद्राची हौस टँकबंडवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, भागवायची पद्धत आहे. कठड्याला टेकून भुट्टा खायचा आणि पाण्याला वास येत नाही असं समजायचं.

निघायच्या आठवडाभर आधी तिने मला फोन केला. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते.

"हे बघ, मला पॉइंट-बिइंट काही बघायचे नाहीत," ती म्हणाली. "एका जागी बसून ओहोटीपासून भरतीपर्यंत पाणी चढताना बघायचंय. सहा तास. छत्री घेईन, धपाटे घेईन. तुम्ही खुशाल फिरा. पण जावयांना तसं सांगू नकोस, एवढं हौसेने नेताहेत. तू आपलं जमव."

मी मोबाइलवर बघून तिला भरतीच्या वेळा वाचून दाखवल्या. पहिल्या दिवशी दहा चाळीस, दुसऱ्या दिवशी साडेअकरा, तिसऱ्या दिवशी बारा वीस. तिने लिहून घेतल्या. मी म्हणाले, "जमवते."

मग नवऱ्याची यादी आली. यादी कसली, प्रोजेक्ट प्लॅनच तो. 'समुद्रकाठच्या शहरात बघण्यासारखं आणि करण्यासारखं' असं वरती ठळक अक्षरात, खाली एकवीस पॉइंट, प्रत्येकासमोर वेळ, प्रत्येकाला रंग. समुद्रकिनारा एकोणिसाव्या नंबरवर होता. वेळ, वीस मिनिटं. मी विचारलं, एवढाच? तर म्हणे, "समुद्र काय, येता-जाता दिसतोच."

रेल्वेत मी पुन्हा विषय काढला. "एक दिवस नुसतं किनाऱ्यावर बसलो तर?"

"बसायला एवढ्या लांब कशाला? घरी सोफा आहे की," तो म्हणाला, आणि मी हसले. खरं सांगते, मला त्या हसण्याची आजही लाज वाटते. त्याचा रुसवा तीन दिवस चालतो, सहलही तीनच दिवसांची होती, मी आपला सोपा हिशेब केला आणि मूग गिळून बसले. आईचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे सासूने जावयाला 'नको' म्हणायचं नसतं. त्याने ताटात चौथी पुरणपोळी मागितली तर ती स्वतःच्या ताटातली उचलून देईल, पण संपली म्हणणार नाही. त्याने विचारलं, "आई, प्लॅन कसा वाटतोय?" तर ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

पहिल्या दिवशी पाणबुडी पाहिली. ती किनाऱ्यालगत वाळूवर आणून ठेवलेली आहे आणि समुद्र तिच्या पलीकडे. आम्ही समुद्राकडे पाठ करून रांगेत उभे राहिलो आणि समुद्राखाली माणसं कशी राहतात ते बघायला एका लोखंडी नळकांड्यात शिरलो. आतून समुद्र अजिबात दिसत नाही. नवऱ्याने फोटो काढले आणि यादीत हिरवी खूण केली.

दुसऱ्या दिवशी, समुद्राच्या गावाला आल्याचं सार्थक करण्यासाठी, आम्ही पहाटे उठून समुद्राच्या बरोब्बर उलट दिशेला डोंगरात गेलो. गुहा बघितल्या. गुहेत वटवाघळं होती, आणि आईचे गुडघे होते. पायऱ्या उतरताना ती माझा हात धरून म्हणाली, "चुनखडी आहे ही. आठवीला होतं आपल्याला." मी म्हटलं, "आई, उद्या नक्की." तिने मान हलवली. नवरा पुढे उभा राहून ओरडत होता, "आई, इकडे बघा, स्माइल!"

टॅक्सीचा ड्रायव्हर तिथल्याच कोळीवाड्यातला, पन्नाशीचा, मिशाळ. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही सिंहाचलमच्या देवळाला निघालो. वाटेत किनाऱ्याचा रस्ता लागला. आई खिडकीला नाक लावून बसली होती. तिने त्याला तेलुगूत पाणी कधी चढतं ते विचारलं, त्याने बोटं मोजून सांगितलं, आणि मग दोघं जे सुरू झाले ते मासे, वारा, चंद्र, सगळ्यावर बोलत राहिले. एकदा त्याने विचारलं, "आगमंटारा, अम्मा?" थांबू का म्हणून.

"वद्दु नायना," आई म्हणाली. "अल्लुडुगारि प्लॅन उंदि." नको रे बाबा, जावयांचा प्लॅन आहे.

जावई पुढच्या सीटवर प्लॅनच बघत होते. त्यांना कळलं नाही. मला सगळं कळलं, आणि मी पर्समधून गोळी काढून चघळत बसले.

देवळात रांग मोठी लागली. मग रोपवेला रांग. मग काजूची खरेदी, कारण ऑफिसात वाटायला काजू लागतातच. गाडी दोनची होती. नवऱ्याने यादी उघडली, एकोणीस नंबर लाल केला आणि म्हणाला, "सॉरी आई, बीच राहिला. पण वीस पॉइंट झाले!" आई म्हणाली, "खूप झालं हो."

स्टेशनकडे येताना किनाऱ्याच्या रस्त्यावर सिग्नलला थांबलो. सिग्नल हिरवा झाला तरी आमची टॅक्सी हलेना. मागच्यांनी हॉर्नचा गोंगाट केला. नवरा ओरडला, "ओ भैया, सो गए क्या?" मीही चिडले, गाडी चुकली असती. ड्रायव्हर शांतपणे आरशात बघत होता. सिग्नल परत लाल झाला. पुढच्या हिरव्याला एकदाचा तो निघाला. नवऱ्याने त्याला स्टेशनपर्यंत ट्रॅफिकचे नियम समजावले.

पुढच्या रविवारी आम्ही बरकतपुऱ्याला गेलो. नवरा सोफ्यावर बसून फोटो दाखवत होता. "आईंना कंटाळा आला होता वाटतं," तो हसत म्हणाला. "बघ ना, घड्याळच बघताहेत." मी फोन हातात घेतला. पाणबुडीपाशी आई मनगटाकडे बघत होती, फोटोवर वेळ दहा एकेचाळीस. गुहेच्या तोंडाशी पुन्हा मनगटाकडे, अकरा एकोणतीस. या भरतीच्या वेळा मीच तिला वाचून दाखवल्या होत्या. फोन त्याच्या हातात देऊन मी स्वयंपाकघरात गेले. आई धपाटे थापत होती.

"आई, चुकलं गं माझं. मी जमवते म्हटलं होतं."

"काय चुकलं त्यात? बघितली की मी भरती."

"कधी?"

"देवळाला जाताना त्या सिग्नलपाशी पाण्यात एक काळा खडक उघडा होता. सबंध, खाली शेवाळापर्यंत. परत आलो तेव्हा नुसतं टोक राहिलं होतं, आणि मग तेही गेलं. बारा वीसला. बरोबर शिकवलं होतं मी." तिचा चेहरा फळ्यासमोर असायचा तसा झाला होता. "सिग्नलला म्हणून बघायला मिळालं."

"तो बावळट ड्रायव्हर हलतच नव्हता."

"मी खिडकीची काच खाली केली, ते त्याने आरशात पाहिलं," आई म्हणाली. तिने तव्यावरचा धपाटा उलटला. "जावयांची बोलणी खाल्ली बिचाऱ्याने. ओळख ना पाळख, पण माझ्यासाठी थांबला."