सत्काराचा सडा

काल पुढाऱ्याच्या सभेआधी टँकरने रस्त्यावर पाणी मारलं. ओल्या फुफाट्याचा वास आला आणि बाहत्तरच्या दुष्काळातली तिडीक पुन्हा डोक्यात गेली.

तेव्हा नेवाशाजवळच्या आमच्या गावात आम्ही तरुण मंडळाच्या पोरांनी विहिरीतला गाळ उपसला. तळाला जेमतेम पाणी लागलं, म्हणून आमचा सत्कार ठरला. पाहुण्यांच्या जीपमागे धुरळा उडू नये म्हणून सरपंचांनी त्याच विहिरीचं पाणी शेंदून रस्त्यावर सडा मारला. कुणाच्या बापाचं होतं ते पाणी?

पाहुण्यांनी माझ्या हातात नारळ ठेवला, टाळ्या वाजल्या. तेवढ्यात रिकामा हंडा घेऊन उभी असलेली शेजारची सखूकाकू मांडवाच्या कडेवरून ओरडली, "आरं, त्यो नारळ फोड की! गावात आता तेवढंच पानी हाय."